कोल्हापुरातून चार देवस्थानं, भाड्याच्या गाडीनं: या सेवेत काय चांगलं आणि पैसे नेमके कुठं जातात

पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर. कोल्हापुरात एकदा ही यात्रा घरात ठरली की लगेच पुढचा प्रश्न गाडीचा. सहा-सात माणसं, त्यात दोघं सत्तरीचे, एक लहान मूल असं घर असेल तर एसटीनं तुकड्या-तुकड्यात जाणं जिवावर येतं. घरची गाडी काढली तर चालवणाऱ्याचं दर्शन स्टिअरिंगवरच होतं. म्हणून ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी. मध्यवर्ती बसस्थानकाभोवतीच्या आणि शाहूपुरीतल्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसांतून किंवा गल्लीतल्या गाडीमालकाकडून मिळणारी ही सेवा कशी आहे, ते इथं लिहिलंय. एखाद्या ठरावीक ऑफिसाबद्दल हे नाही. नावं निराळी असली तरी अटी बहुतेक ठिकाणी सारख्याच असतात, आणि गोष्ट फसते ती या अटींत.

निकाल आधीच सांगतो. सेवा चांगली आहे, पैसे वसूल होतात, पण गाडी तीन दिवसांसाठी ठरवली तर. दोन दिवसांत चार देवस्थानं बसवून देतो म्हणणारा माणूस तुमचे पैसे वाचवत नाही, तो फक्त ड्रायव्हरची झोप कापतो. आकड्यांत ते लगेच दिसतं.

आधी अंतरं. कोल्हापूर ते पंढरपूर मिरज-सांगोलामार्गे साधारण १८५ किलोमीटर. पंढरपूर ते तुळजापूर सोलापूरमार्गे ११८ च्या आसपास. तुळजापूर ते अक्कलकोट परत सोलापूरला येऊन ८५. अक्कलकोट ते गाणगापूर ७०. गाणगापूरहून अक्कलकोट-सोलापूर-सांगोला-मिरज करत घरी ३५० धरा. बेरीज ८०० च्या थोडी वर जाते. गावातली फिरती, गाणगापूरच्या संगमावर जाणं-येणं आणि गाडीचं गॅरेजपासून तुमच्या दारापर्यंतचं अंतर मिळवलं की ८३०.

आता भाडं. बाहेरगावच्या भाड्याला प्रत्येक दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरायची पद्धत आहे. गाडी कमी चालली तरी पैसे ३०० चे, जास्त चालली तर जितकी चालली तितक्याचे. शिवाय ड्रायव्हर भत्ता रोजचा वेगळा, टोल आणि पार्किंग वेगळं. समजा एर्टिगा १४ रुपये किलोमीटरनं आणि भत्ता ५०० रुपये ठरला. दोन दिवसांत उरकलं तर किमान ६०० होतात, पण गाडी ८३० चालते, म्हणून ११,६२० अधिक भत्त्याचे १,०००, एकूण १२,६२०. तीन दिवस घेतले तर किमान ९०० चे पैसे लागतात: १२,६०० अधिक १,५००, एकूण १४,१००. फरक १,४८० रुपये. सहा जणांत वाटला तर माणशी अडीचशेच्या आत. राहण्याचा एका रात्रीचा खर्च वाढतो, ते खरं. पण भक्तनिवासात राहिलात तर तोही अंगावर येत नाही. एवढ्यासाठी सगळ्या घराची फरफट करायची गरज नाही.

ऑफिसात बसल्यावर किलोमीटरचा दर घासायला लोक अर्धा तास घालवतात. एक रुपया कमी झाला तर तीन दिवसांत ९०० रुपये वाचतात, चांगलंच आहे. पण त्याहून मोठे पैसे तीन प्रश्नांत अडकलेले असतात, आणि ते विसार देण्याआधी विचारायचे.

पहिला प्रश्न: दिवस कसा मोजता? बहुतेकांचा दिवस रात्री बाराला संपतो. म्हणजे ‘रात्री जेवून दहाला निघू, पहाटे पंढरपुरात’ असा बेत केला की ते दोन तास हा अख्खा एक दिवस. वरच्याच दरानं ३०० किलोमीटरचे ४,२०० आणि भत्त्याचे ५००, म्हणजे ४,७०० रुपये दोन तासांचे. येतानाही तेच. सांगलीत जेवायला थांबून घरी पोचायला साडेबारा वाजले तर चौथा दिवस लागला. काही मालक तास-दीड तास सोडून देतात, काही गाडी निघाल्यापासून २४ तासांचा दिवस धरतात. कुठलाही हिशेब वाईट नाही, पण तो आधी कळला पाहिजे.

दुसरा प्रश्न: ३०० ची किमान अट सगळ्या दिवसांची मिळून, की रोजची रोज? हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. तीन दिवसांच्या बेतात पहिल्या दिवशी गाडी ३०० च्या थोडी वर चालते, दुसऱ्या दिवशी फक्त १६० च्या आसपास, तिसऱ्या दिवशी ३५०. मिळून मोजलं तर ९०० चे पैसे. रोजचं रोज मोजलं तर दुसऱ्या दिवसाचे ३०० लागतात आणि तिसऱ्या दिवसाचे जास्तीचे ५० वर चढतात. मग बिल ९५० च्या पुढं जातं. सातशे-आठशे रुपयांचा हा फरक दर घासून मिळालेली सूट खाऊन टाकतो.

तिसरा: मोजणी गॅरेज ते गॅरेज, की दारापासून दारापर्यंत? गाडी कागलला उभी असते आणि तुम्ही कसबा बावड्यात राहता, तर जाता-येता पन्नासेक किलोमीटर तुमच्या बिलात. तीन दिवसांच्या बेतात ९०० च्या आतच राहणार असाल तर याचा त्रास नाही, तो मोकळ्या किलोमीटरांत मुरतो. दोन दिवसांच्या बेतात मात्र प्रत्येक किलोमीटरला पैसे पडतात.

दुसरी एक पद्धत आहे, जुनी आणि इनोव्हासारख्या मोठ्या गाडीला अजून चालणारी: गाडीचं रोजचं ठरावीक भाडं आणि डिझेल आपलं. समजा इनोव्हा क्रिस्टा दिवसाला ३,५०० नं ठरली. तीन दिवसांचे १०,५००. लिटरला १२ किलोमीटर धरलं तर ८३० ला ६९ लिटर, ९२ रुपयांनी ६,३५० च्या आसपास. मिळून १६,८५०. तीच गाडी २० रुपये किलोमीटरनं घेतली तर ९०० चे १८,०००. म्हणजे डिझेल आपलं घालणं परवडतं, पण एका अटीवर: निघताना पंपावर टाकी फुल्ल, परत आल्यावर त्याच पंपावर फुल्ल, आणि मधली सगळी बिलं तुमच्या हातात. ‘अर्धी टाकी होती, अर्धी ठेवा’ या बोलीवर काटा कुठं होता यावरून भांडण ठरलेलं. या पद्धतीत तुम्ही दर्शनाला गेल्यावर ड्रायव्हर एसी लावून गाडीत झोपला तर ते डिझेलही तुमचंच जळतं. त्याला उन्हात घामाघूम बसवू नका. त्याला बसायला सावलीची जागा किंवा खोली बघून द्या. वाडी, जोतिबा, आदमापूर अशा जवळच्या देवस्थानांना मात्र बाहेरगावचा किलोमीटरचा दर घेऊच नका. नरसोबाच्या वाडीला जाऊन-येऊन शंभरच्या आत काम होतं आणि पैसे तीनशेचे जातात. तिथं ८ तास ८० किलोमीटरचं स्थानिक पॅकेज किंवा दिवसाचं भाडं बरं पडतं.

गाडी कुठली? एर्टिगाला सगळ्यात जास्त मागणी, कारण दर कमी. सहा जण बसतात, पण कसे बसतात ते बघा. तिसऱ्या रांगेत जायला मधली सीट सरकवून वाकून शिरावं लागतं आणि बसल्यावर गुडघे वर येतात. संधिवाताच्या माणसाला तिथं बसवलं तर पंढरपूरच्या रांगेत उभं राहायच्या आधीच पाय धरतात. तिथं पोरंटोरं बसवायची, म्हाताऱ्यांना मधली रांग. सामानाची अडचण त्याहून मोठी. तिसरी रांग उभी असताना मागं जेमतेम २०९ लिटरची जागा उरते, आणि भाड्याच्या बहुतेक एर्टिगा सीएनजीच्या असल्यानं त्या जागेत सिलिंडर असतो. सहा माणसांच्या तीन दिवसांच्या बॅगा म्हणजे टपावर कॅरिअर हवाच. गाडी ठरवतानाच ‘कॅरिअर आहे का, ताडपत्री आणि दोरी आहे का’ विचारा. सीएनजीचा आणखी एक मुद्दा वेळेचा आहे. किलोमीटरच्या दरात इंधन मालकाचं, त्यामुळे ड्रायव्हरला पेट्रोलवर चालवायची परवानगी नसते आणि तो सीएनजीच्या पंपावर रांगेत थांबतो. तो अर्धा-पाऊण तास तुमच्या बेतातून जातो. पहिल्या रात्री तुम्ही खोलीत गेल्यावर त्यानं भरून ठेवावं, असं आधीच बोलून ठेवावं.

इनोव्हा क्रिस्टाला जास्त पैसे मोजावेत ते दोनच कारणांनी: तिसऱ्या रांगेतही धड बसता येतं आणि एसीचा वारा मागपर्यंत पोचतो. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरच्या बाजूला पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा ही चैन राहत नाही. बारा-तेरा माणसं असतील तर क्रूझर स्वस्त पडते, पण मागच्या समोरासमोरच्या बाकांवर साडेतीनशे किलोमीटर बसणं तरुणांचं काम आहे. त्यापेक्षा तेरा किंवा सतरा सीटचा टेम्पो ट्रॅव्हलर बरा. पुशबॅक सीट मिळतात आणि बॅगांना मागं जागा असते. त्याला ताशी ८० च्या वर जाऊ न देणारा स्पीड गव्हर्नर असतो, त्यामुळे वेळेचा हिशेब कारच्या अंदाजानं करू नका. प्रत्येक टप्प्याला अर्धा तास वाढवा.

कागदपत्रं बघायला संकोच वाटतो, विशेषतः गाडीमालक ओळखीचा असला की. तरीही बघा. नंबरप्लेट पिवळी आणि अक्षरं काळी हवीत. ‘पांढऱ्या पाटीची आहे, पण घरचीच आहे, निम्म्यात जाऊ’ ही ऑफर कोल्हापुरात सर्रास मिळते. त्या गाडीचा विमा खासगी वापराचा असतो. भाडं घेऊन माणसं नेताना अपघात झाला तर विमा कंपनी अटींचा भंग म्हणून हात वर करू शकते, आणि दवाखान्याचा खर्च तुमच्या गळ्यात. या यात्रेला आणखी एक कारण आहे. गाणगापूर कर्नाटकात आहे, कलबुर्गी जिल्ह्यात, अफझलपूर तालुक्यात. दुधनी सोडली की हद्द बदलते. गाडीला ऑल इंडिया टुरिस्ट परमिट नसेल तर तिथं अडवतात, दंड होतो आणि ड्रायव्हर ‘अक्कलकोटवरूनच मागं फिरू’ म्हणायला लागतो. गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकला की फिटनेस, विमा, पीयूसी आणि परमिटच्या तारखा दिसतात. दोन मिनिटांचं काम. जी गाडी दाखवली तीच येणार, की ‘ऐनवेळी सेम मॉडेल’ येणार, हेही लिहून घ्या. दुसरी गाडी आली तर पुन्हा नंबर टाकून बघा.

टोलबद्दल एक गैरसमज सध्या फार आहे. ऑगस्ट २०२५ पासून ३,००० रुपयांत २०० फेऱ्यांचा वार्षिक फास्टॅग पास सुरू झाला, म्हणून आता टोल लागत नाही असं लोक धरून चालतात. तो पास फक्त खासगी गाड्यांना आहे. पिवळ्या पाटीला प्रत्येक नाक्यावर पूर्ण टोल लागतो. या मार्गावर मिरजेच्या पुढं बोरगाव, सांगोल्याजवळ अनकढाळ, तुळजापूरच्या वाटेवर तामलवाडी, अक्कलकोटच्या वाटेवर वळसंग असे नाके येतात, आणि काही दोनदा ओलांडावे लागतात. टोल ड्रायव्हरच्या फास्टॅगमधून कटतो, पैसे नंतर तुम्ही देता. प्रत्येक नाक्यानंतर आलेला मेसेज त्याला दाखवायला सांगा किंवा शेवटी फास्टॅगचं स्टेटमेंट मागा. तोंडी ‘टोलचे अठराशे झाले’ एवढ्यावर पैसे देऊ नका. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का, हेही निघताना विचारा. शिल्लक नसेल तर यूपीआयनं सव्वापट टोल बसतो, आणि तो जास्तीचा भुर्दंड कुणाचा यावर नाक्यावरच वाद होतो.

आता रस्ता आणि वेळ, कारण तिसऱ्या दिवसाची खरी किंमत इथं कळते.

पहाटे पाचला निघालात तर तावडे हॉटेल, सांगली फाटा ओलांडून हातकणंगले-जयसिंगपूर मोकळं मिळतं. नागपूर-रत्नागिरी महामार्गातला चोकाक ते अंकली हा पट्टा भूसंपादनाच्या वादात रखडत आला, त्यामुळे सगळ्या रस्त्यात हाच तुकडा त्रासाचा. सकाळी आठनंतर इथं कॉलेजच्या बसेस, एमआयडीसीची वाहनं आणि बाजाराची गर्दी एकत्र होते. मिरजेच्या पुढं कवठेमहांकाळ, नागज, सांगोल्यापर्यंत चौपदरी रस्ता छान आहे. गाडी स्वतःच पळते. सांगोल्यातून आत वळलं की तीस-बत्तीस किलोमीटरवर पंढरपूर. नाश्त्याचा थांबा धरून नऊ-साडेनऊला पोचता.

रात्री याच रस्त्यानं परत यायचं असेल तर गाळप हंगाम ध्यानात ठेवा. दिवाळीनंतर मार्चपर्यंत हातकणंगले, शिरोळ, सांगली भागात उसाच्या जोडट्रॉल्या रस्त्यावर असतात. ट्रॅक्टरला पुढं दिवा असतो, मागच्या ट्रॉलीला बऱ्याचदा काहीच नसतं. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, रिफ्लेक्टर पाचटाखाली झाकलेला. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश डोळ्यांवर असताना ही ट्रॉली वीस-पंचवीस फुटांवर आल्याशिवाय दिसत नाही. दोन दिवसांच्या बेतात ड्रायव्हर याच तुकड्यावर येतो रात्री नऊ-दहाला, आदल्या दिवशी पहाटे तीनला उठलेला, मध्ये जेमतेम पाच तास झोपलेला. १९६१ च्या (नोव्हेंबर २०२५ ला नव्या कामगार संहितेत सामावलेल्या) मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असा हिशेब होता. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडं कुणी तो मोजायला येत नाही, म्हणून गाडीत बसणाऱ्यानं तो मोजावा. तीन दिवसांच्या बेतात शेवटच्या दिवशी गाणगापूरहून सकाळी नऊ-दहाला निघता येतं आणि दिवस मावळायच्या सुमाराला मिरज गाठता येते.

बेत असा बसतो. पहिला दिवस पंढरपूर, मुक्काम तुळजापूर. दुसरा दिवस पहाटे भवानीचं दर्शन, दुपारच्या महाप्रसादाला अक्कलकोट, संध्याकाळी गाणगापूर मुक्काम. तिसऱ्या दिवशी पहाटे संगम, मठात दर्शन आणि परत. निघायला शुक्रवार सगळ्यात चांगला: पंढरपूर शुक्रवारी, तुळजापूर-अक्कलकोट शनिवारी. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळायची, अक्कलकोट-गाणगापूरला गुरुवार, पंढरपूरला कुठलीही एकादशी. दिनदर्शिका समोर ठेवूनच तारीख ठरवा. तुळजाभवानीच्या निद्रेचे दिवसही बघा: भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत, दसऱ्यापासून कोजागरीपर्यंत आणि शाकंभरी नवरात्राच्या आधी. तेव्हा मूर्ती पलंगावर असते, सिंहासनावरचा अभिषेक होत नाही. अभिषेकाचा नवस फेडायला निघालेल्या घरानं हे आधी बघितलं नाही तर सगळी फेरी परत करावी लागते. गाडी मिळण्याच्या बाजूनं बघितलं तर कोल्हापुरात अमावास्येला आदमापूरला गाड्या लागतात, मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीला, चैत्रात जोतिबाला, आणि वर लगीनसराई. या दिवसांत दरही चढा असतो आणि चांगला ड्रायव्हर मोकळा नसतो.

पंढरपुरात ठरवायची गोष्ट एकच: पदस्पर्श की मुखदर्शन. पदस्पर्शाची रांग साध्या दिवशीही दोन-तीन तास खाते, शनिवारी-रविवारी त्याहून जास्त. मुखदर्शन बरंच लवकर होतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मुखदर्शनाला नेऊन बसवायचं आणि ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी पदस्पर्शाला उभं राहायचं, अशी विभागणी चालते. मंदिरात मोबाइल नेता येत नाही. फोन गाडीतच ठेवायचे ठरवलं तर मग ड्रायव्हरला बोलवायचं कशानं? प्रत्येकाच्या खिशात त्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि भेटायची जागा आणि वेळ पक्की करा. गाडी कुठं लावली ती जागा उतरतानाच सगळ्यांनी बघून घ्यायची. ड्रायव्हर एकीकडं, अर्धी माणसं नामदेव पायरीपाशी, अर्धी चंद्रभागेच्या वाळवंटात, असं झालं की दुपार गेली.

दुपारी दोनच्या आत पंढरपूर सोडलं तर तुळजापूर संध्याकाळच्या आत येतं. तुळजापुरात गाडी मंदिरापर्यंत जात नाही. वरच्या पार्किंगपासून चालत येऊन महाद्वारातून पायऱ्या उतरायच्या. गुडघेदुखीवाल्यांना उतरण्यापेक्षा परत चढणं अवघड जातं, तेवढा वेळ धरा. तिथून अक्कलकोटला जायला नकाशा नळदुर्गमार्गे कमी अंतराचा रस्ता दाखवतो. नळदुर्ग-अक्कलकोट रस्त्याचं काम भूसंपादनात अडत आलं आहे. वाचलेले किलोमीटर खड्ड्यांत जातात. सोलापूरवरूनच जा. किमान किलोमीटरच्या हिशेबात ते दहा-पंधरा किलोमीटर तसेही फुकटच आहेत.

अक्कलकोटात वटवृक्ष मंदिर आणि समाधी मठ ही दोन ठिकाणं निराळी, दोन्हीकडं जायचं. अन्नछत्राचा महाप्रसाद दुपारी आणि रात्री असतो. रांग लांब दिसली तरी पंगती भराभर उठतात. ड्रायव्हरलाही आत जेवायला बोलवा. गाणगापूरला जाताना नकाशात ‘गाणगापूर रोड’ टाकू नका. ते रेल्वे स्टेशन आहे, गावापासून वीसेक किलोमीटर दूर. ‘देवल गाणगापूर’ टाका. भीमा-अमरजेचा संगम मठापासून तीन-चार किलोमीटरवर आहे आणि तिथं गाडी जाते. माधुकरी (दत्ताच्या नावानं मागायची भिक्षा) दुपारी असते. ती मागायचीच असा नेम असेल तर निघायला साडेबारा-एक होतो आणि कोल्हापूर रात्री नऊच्या पुढं. अशा घरानं ऊसाच्या हंगामात चौथा दिवस धरावा, किंवा सोलापुरात मुक्काम करून सकाळी निघावं. राहायला गाणगापुरात पुजाऱ्यांच्या घरी आणि छोट्या लॉजवर सोय होते, पंढरपूर-तुळजापूरइतका पर्याय नाही, म्हणून हीच खोली सगळ्यात आधी सांगून ठेवायची.

ड्रायव्हरच्या झोपण्याचं बोलणं बहुतेक ऑफिसांत होत नाही. भत्त्यात त्याचं जेवण आणि राहणं धरलेलं असतं, पण तो पैसे वाचवायला गाडीतच झोपतो. मे महिन्यात काच बंद करून झोपता येत नाही आणि उघडी ठेवली तर डास. तीनशे रुपयांत डॉर्मिटरीत एक कॉट मिळत असेल तर ती तुम्ही घ्या आणि ‘मामा, आज इथं झोपायचं’ असं स्वतः सांगा. या सेवेत ज्या एका गोष्टीवर वरचे पैसे खर्च करावेत, ती ही.

पावसाळ्यात विसार देताना एक अट वाढवून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि कोल्हापूर बाहेरून तुटलं. त्याच दिवसांत उजनी धरणातून पाणी सोडलं की पंढरपुरात चंद्रभागेचं वाळवंट पाण्याखाली जातं. पुरामुळं जाणं रद्द झालं तर विसार परत, की पुढच्या तारखेला वळता, हे पावतीवर लिहून घ्या. तोंडी सगळेच ‘बघू की’ म्हणतात.

पैशांत तुलना करायची तर घरची गाडी स्वस्त पडते, यात वाद नाही, विशेषतः वार्षिक फास्टॅग पास असेल तर. घरात दोन माणसं चालवणारी असतील आणि म्हातारं कुणी नसेल तर घरचीच न्या. पण सहा जणांना पिवळ्या पाटीची, परमिटवाली गाडी, झोप झालेला ड्रायव्हर आणि तीन दिवस, हे सगळं साधारण १५ ते १६ हजारांत टोलसकट बसत असेल तर तो सौदा चांगला आहे. नवख्या ड्रायव्हरपेक्षा या मार्गावर आधी गेलेला मागा. पार्किंग कुठं, सोलापुरात कुठून वळायचं, सकाळी कुठं गर्दी, हे त्याला ठाऊक असतं आणि तेवढ्यात तास-दीड तास वाचतो.

दारात गाडी लागली की बसायच्या आधी किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढा, स्टेपनीत हवा आहे का बघा, चारही टायरच्या नक्षीवर बोट फिरवा. परत आल्यावर सामान उतरायच्या आधी पुन्हा आकड्याचा फोटो. दोन फोटो, टोलचे मेसेज, पार्किंगच्या पावत्या आणि ठरलेल्या अटींचा मेसेज एवढं हातात असलं की उरलेले पैसे द्यायला पाच मिनिटं पुरतात.